फुटबॉलमधील जयापजय

४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा निकालाविषयी फारशी कोणास शंका नव्हती. एका बाजूस हंगेरीचा संघ होता. मे १९५० पासून त्याने एकही सामना गमावला नव्हता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याच्याकडे होते. नोव्हेंबर १९५३ मध्ये इंग्लंडच्या संघाला त्याने वेम्बलेच्या मैदानावर ६-३ असे हरवले होते, आणि पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला ७-१ असे हरवून, तो पहिला विजय अपघात नव्हता हेही दाखवून दिले होते. दुसऱ्या बाजूस पश्चिम जर्मनी. याच स्पर्धेत दोन आठवड्यांपूर्वी हंगेरीने या जर्मन संघाचा ८-३ असा धुव्वा उडवला होता. अंतिम सामन्याच्या पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीचे दोन गोल झाले, आणि आता पुढे काय होणार हे जणू ठरून गेले.

पुढे झाले ते निराळेच. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीने दोन्ही गोलांची परतफेड केली. त्यानंतर हंगेरीने हल्ल्यामागून हल्ले चढवले; एक फटका खांबावर आदळला, एक आडव्या दांडीवर, एक तर ऐन गोलरेषेवरून परतवला गेला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला हेल्मुट रान याने जर्मनीचा तिसरा गोल केला. अखेरच्या मिनिटांत पुश्काशने चेंडू जाळ्यात धाडला, पण रेषापंचाचे निशाण वर होते. ऑफसाइड! जर्मनी विश्वविजेता झाला. हंगेरीचा त्यानंतरचा पराभव फेब्रुवारी १९५६ मध्ये झाला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांत हा संघ एकदाच हरला, आणि ज्या दिवशी हरायला नको होते नेमका त्याच दिवशी हरला.

निकाल लागल्यावर कारणे सापडण्यास वेळ लागत नाही. त्या दिवशी पाऊस पडत होता आणि जर्मनांच्या बुटांचे खिळे चिखलाप्रमाणे बदलता येत होते. पुश्काशचा घोटा आधीच्या सामन्यात दुखावला होता. जर्मन प्रशिक्षक हेर्बेर्गर याने पहिल्या सामन्यात मुद्दामच दुय्यम खेळाडू उतरवून आपले पत्ते झाकून ठेवले होते. ही सारी कारणे खरी आहेत आणि प्रत्येकाचा थोडाफार वाटाही असेल. परंतु दांडीवर आदळलेला तो फटका चार बोटे खाली असता, तर हेच बूट, हाच पाऊस आणि हाच हेर्बेर्गर यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. मग हंगेरीच्या श्रेष्ठत्वाची कारणमीमांसा झाली असती, आणि तीही तितकीच पटण्याजोगी वाटली असती.

मोठ्या फुटबॉल सामन्याचा निकाल खरोखर कशाने ठरतो, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. कोणी कौशल्य म्हणेल, कोणी डावपेच, कोणी जिद्द, कोणी प्रशिक्षक. या उत्तरांची चूक अशी की ती एका सामन्याला आणि वर्षभराच्या स्पर्धेला एकाच मापाने मोजू पाहतात. वस्तुतः या दोहोंचे न्यायाधीश वेगळे आहेत.

प्रथम एका सामन्याचा विचार करू. फुटबॉलचे वैशिष्ट्य त्याच्या गोलांच्या दुर्मिळतेत आहे. कबड्डीच्या एका सामन्यात प्रत्येक संघ तीस-चाळीस गुण सहज मिळवतो; बास्केटबॉलमध्ये ऐंशी-शंभर; क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी मोजायच्या. फुटबॉलमध्ये मात्र नव्वद मिनिटांच्या धडपडीतून दोन्ही संघांचे मिळून अडीच-तीन गोल होतात. १९५४ च्या त्या स्पर्धेत २६ सामन्यांत १४० गोल झाले होते, पण तो अपवाद. १९९० मध्ये ५२ सामन्यांत ११५, आणि २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, हे खरे प्रमाण. जिथे गुण पुष्कळ, तिथे एखाददुसरा योगायोग त्या गर्दीत बुडून जातो. जिथे सारा निकाल एका-दोन घटनांवर टांगलेला, तिथे पायाला लागून दिशा बदललेला एक चेंडू, पंचाच्या नजरेतून निसटलेला एक धक्का, ओल्या गवतावर घसरलेला एक गोलरक्षक सगळा हिशेब पालटून टाकतो.

याचे गणितही मांडता येते. असे धरा की एक संघ दुसऱ्याहून चांगला दुपटीने बलवान आहे. तो सामन्यात सरासरी दोन गोल करतो आणि दुसरा एक. हे गोल एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दहा सामन्यांपैकी साधारण सहा सामने बलवान संघ जिंकेल, दोन बरोबरीत सुटतील आणि उरलेल्या जवळजवळ दोन सामन्यांत तो चक्क हरेल. दुप्पट बळ असूनही दहांतून चार वेळा विजय नाही! बळाचे असे तोकडे फळ क्वचितच एखाद्या खेळात मिळत असेल. इ. बेन-नाईम आणि त्यांचे दोन सहकारी या अमेरिकेतील संशोधकांनी फुटबॉल, क्रिकेटचा दूरचा भाऊ बेसबॉल, आणि आणखी तीन खेळ अशा पाच खेळांच्या तीन लाखांहून अधिक सामन्यांचे निकाल तपासले होते. त्यांत दुबळ्याने सबळाला हरवण्याचे प्रमाण इंग्लिश फुटबॉलच्या शतकाहून अधिक काळच्या नोंदींत सर्वाधिक आढळले.

भारतीय श्रोत्यांना याचे एक दुखरे उदाहरण ठाऊक असेल. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सामना अखेरच्या घटकेपर्यंत १-१ असा बरोबरीत होता आणि ऐन शेवटी फ्रान्सने गोल करून तो जिंकला. परंतु त्याआधी भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, आणि त्या दोन्ही वाया गेल्या. पेनल्टीचे साधारण चारांतले तीन फटके जाळ्यात जातात. म्हणजे लागोपाठ दोन्ही चुकण्याचा संभव सोळांत एक. त्या पराभवाची चर्चा पुढे बुटांच्या अभावावर झाली, अनुभवाच्या अभावावर झाली. सोळांत एक या आकड्यावर सहसा कोणी बोलले नाही.

मग कौशल्याला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो सामने वाढत जातील तसा दिसू लागतो. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छाप पडणे नवलाचे नाही. हजार वेळा उडवून सातशे वेळा छाप पडली तर ते नाणे तपासायला हवे. युरोपातील मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघ वर्षाला चौतीस ते अडतीस सामने खेळतो. तेवढ्या अवधीत दैवाचे उणे-अधिक बरेचसे एकमेकांना खाऊन टाकते आणि खालून जे बळ वर येते ते मुख्यतः एकाच गोष्टीशी जुळते. ती गोष्ट म्हणजे खेळाडूंचे वेतन.

हे विधान रुक्ष वाटेल, पण त्याला आधार भक्कम आहे. स्टीफन शिमान्स्की या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९७८ ते १९९७ या काळातील चाळीस इंग्लिश क्लबांचे जमाखर्च तपासले. क्लबांच्या दीर्घकालीन क्रमांकांत जो फरक दिसतो, त्याचा ९२ टक्के भाग खेळाडूंवर केलेल्या वेतनखर्चाच्या फरकाने समजावता येतो, असे त्यांना आढळले. याच्या उलट, दुसऱ्या क्लबांकडून खेळाडू घेताना मोजलेल्या किमतींचा, ज्यांची वृत्तपत्रांत एवढी मोठी अक्षरे छापली जातात त्या रकमांचा, निकालाशी संबंध केवळ १६ टक्के निघाला. कारण उघड आहे. खरेदीची किंमत एकदाच, घाईत, कधी चाहत्यांना खूश करण्यासाठी तर कधी विकणाऱ्याच्या अडचणीमुळे ठरते. वेतन मात्र अनेक जाणकारांनी, अनेक हंगाम पाहून, पुनःपुन्हा केलेले मोल असते. चांगला खेळाडू स्वस्तात फार दिवस राहत नाही. त्याला कोणी ना कोणी ओळखतोच.

येथे एक शंका रास्त आहे. क्लब पैसा ओततो म्हणून जिंकतो, की जिंकतो म्हणून त्याच्याकडे पैसा येतो? दोन्ही खरे आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. विजयातून प्रेक्षक, प्रेक्षकांतून उत्पन्न, उत्पन्नातून उत्तम खेळाडू आणि उत्तम खेळाडूंतून पुन्हा विजय, हे चक्र एकदा फिरू लागले की बाहेरच्याला आत शिरणे कठीण होते.

तरीही लेस्टर आत शिरले. इंग्लंडच्या मध्यभागातील या शहराचा क्लब २०१५ च्या वसंतात सर्वोच्च विभागातून खाली घसरता घसरता वाचला होता. पुढील हंगामाच्या आरंभी तो विजेता होईल यावर पैजा घेणाऱ्या पेढ्यांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता. मोठ्या क्लबांच्या निम्म्याहूनही कमी वेतनखर्चात, क्लाउडिओ रानिएरी या इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली, लेस्टरने ३८ सामन्यांत ८१ गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलला तब्बल दहा गुणांनी मागे टाकले. जेमी व्हार्डी हा त्यांचा आघाडीवीर २०१२ पर्यंत लीगच्या बाहेरच्या लहान क्लबांतून खेळत होता. जगाने या विजयाला परीकथा म्हटले. पण परीकथेची पुढची पाने कोणी फारशी वाचली नाहीत. विजयानंतर अडीच महिन्यांत त्यांचा मध्यफळीचा आधारस्तंभ एन्गोलो कांते चेल्सीने नेला, आणि पुढील हंगामाचे विजेतेपदही चेल्सीनेच नेले. रियाद महरेझ २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीकडे गेला. रानिएरींना विजेतेपदानंतर नऊ-दहा महिन्यांतच निरोप मिळाला, आणि २०२३ मध्ये लेस्टर सर्वोच्च विभागातून खाली उतरले. वेतनाचा नियम एक वर्ष मोडला. मग त्याने व्याजासह वसुली केली.

प्रशिक्षकाचा उल्लेख आला आहे तर त्याच्या वाट्याचाही विचार व्हावा. संघ चार सामने हरला की प्रशिक्षकाला काढायचे, नवा आणायचा, आणि पुढचे दोन सामने जिंकले की त्या बदलाला शहाणपण म्हणायचे, ही युरोपातील रूढीच झाली आहे. बास तेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या हंगामांचा अभ्यास करताना एक साधी युक्ती केली. प्रशिक्षक बदललेल्या क्लबांशेजारी त्यांनी असे क्लब ठेवले की ज्यांची घसरण तितकीच झाली होती, पण ज्यांनी प्रशिक्षक बदलला नव्हता. दोन्ही गट सारखेच सावरले! ताप उतरायचा तो उतरतोच. श्रेय मात्र शेवटच्या वैद्याला मिळते. याचा अर्थ सारे प्रशिक्षक सारखे असा नव्हे. ब्रायन क्लफ याने नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा दुसऱ्या विभागातला संघ १९७७ मध्ये वर आणला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता केला आणि १९७९ व १९८० अशी दोन वर्षे युरोपचा चषक जिंकून दिला. ज्यांच्या नावावर असे काही सांगता येईल ते प्रशिक्षक बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे बहुतेक आपल्या क्लबाच्या तिजोरीइतकेच चांगले असतात.

डावपेचांच्या बाबतीत तर आकड्यांनीच एक मोठी दिशाभूल केली आहे. मार्च १९५० मध्ये स्विंडन टाउनचा एक सामना पाहत असताना इंग्लंडच्या हवाई दलातील अधिकारी चार्ल्स रीप यांनी मध्यंतरानंतर वही काढली आणि प्रत्येक चालीची नोंद करू लागले. तो छंद त्यांनी पुढे अनेक दशके चालवला. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासह त्यांनी आपला निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दहाएक फटक्यांमागे एक गोल होतो आणि यात दैवाचा हात मोठा आहे, हे त्यांचे निरीक्षण आजही टिकून आहे. पण त्यांनी असेही पाहिले की दर दहा गोलांपैकी आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. आणि त्यावरून चेंडू झटपट, लांब पुढे मारावा असा उपदेश केला. इंग्लिश फुटबॉलवर त्या उपदेशाची छाया पुष्कळ वर्षे राहिली. गफलत कुठे होती? सामन्यातील शंभर चालींपैकी एक्क्याण्णव चाली मुळातच तीन पासांच्या आत संपत होत्या. गावातील शंभर मुलांपैकी एक्क्याण्णव मुले एका शाळेत जातात, आणि उत्तीर्णांत त्या शाळेचा वाटा ऐंशी टक्के निघतो, तर सरस शाळा दुसरीच ठरते. रीप यांचे कष्ट प्रामाणिक होते. भागाकार मात्र अर्धा राहिला.

चेंडू अधिक वेळ आपल्याजवळ ठेवणे हेही विजयाचे हमीपत्र नाही. ७ नोव्हेंबर २०१२ रोजी ग्लासगो येथे बार्सेलोनाने दर दहा मिनिटांतली आठ मिनिटे चेंडू स्वतःकडे राखला आणि सेल्टिककडून २-१ असा पराभव पत्करला.

पैशानंतर निकालावर ज्याची सावली सर्वांत नियमाने पडते ते म्हणजे मैदान. घरच्या मैदानावर खेळणारा संघ परक्या मैदानापेक्षा अधिक सामने जिंकतो, हे प्रत्येक देशात, प्रत्येक काळात दिसून आले आहे. का, यावर पुष्कळ तर्क झाले. प्रवासाचा शीण, ओळखीची जमीन, चाहत्यांच्या गजराने चढणारा हुरूप. या गजराचा खरा परिणाम मात्र भलत्याच व्यक्तीवर होतो असे दिसते. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पंचांना एका इंग्लिश सामन्यातील प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनमधील लीगचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले की यजमान संघ एका गोलाने मागे असेल तेव्हा पंच अखेरीस जो वाढीव वेळ देतात, तो यजमान एका गोलाने पुढे असतानाच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट असतो. येथे लाचलुचपतीचा संशय घेण्याचे कारण नाही. पन्नास हजार माणसे एका सुरात ओरडत असताना एकट्या माणसाचा निर्णय किंचित झुकणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

या तर्काची परीक्षा पाहण्याची संधी एका महामारीने दिली. मे २०२० मध्ये जर्मनीची लीग रिकाम्या प्रेक्षागारांसमोर पुन्हा सुरू झाली आणि इतर देशांनी तोच मार्ग धरला. मैदान तेच, प्रवास तोच. फक्त माणसे नाहीत. पाहुण्या संघांना यजमानांपेक्षा अधिक कार्डे मिळत असत, तो फरक बव्हंशी मावळला. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात २०२०-२१ च्या हंगामात पाहुण्यांचे विजय यजमानांच्या विजयांहून अधिक झाले. १८८८ मध्ये ती लीग सुरू झाल्यापासून असे कधी घडले नव्हते. अर्थात गर्दीचे ओझे कधी स्वतःच्याच संघाच्या खांद्यावर पडते, हे ब्राझीलला विचारावे. १६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे विजयोत्सवाला जमली होती. उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले आणि ते अफाट प्रेक्षागार मुके झाले.

तर मग एका बाजूस पैसा, जो हंगाम ठरवतो. दुसऱ्या बाजूस दैव, जे त्या एका संध्याकाळपुरते पैशाला आव्हान देते. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमध्ये सौदी अरेबियाने संपूर्ण सामन्यात अवघे तीन फटके मारले, त्यांतले दोन जाळ्यात गेले, आणि अर्जेंटिना हरली. तिने पूर्वार्धात केलेले तीन गोल ऑफसाइड ठरले होते. पण चारच आठवड्यांनी विश्वचषक उचलला तो अर्जेंटिनानेच. २०२२ पर्यंत झालेल्या २२ विश्वचषक स्पर्धांचे विजेते केवळ आठ देश आहेत, यावरूनही दैवाची धाव कुठवर हे ताडता येईल.

आता चिंता आहे ती या धावेचा पल्ला आखूड होत असल्याची. कोलोन येथील क्रीडा विद्यापीठातील संशोधकांनी इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातील २०१२ ते २०१९ या सात हंगामांचे सात हजारांहून अधिक गोल एकेक करून पाहिले. दिशा बदललेला चेंडू, खांबावरून परतलेला फटका, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीने पायाशी आलेला चेंडू, अशा योगायोगांचा हात त्यांपैकी जवळजवळ निम्म्या गोलांत त्यांना आढळला. परंतु आरंभीच्या हंगामापेक्षा अखेरच्या हंगामात हे प्रमाण कमी झाले होते. श्रीमंत संघ अधिक घोटून तयारी करतात. अपघाताला वाव देत नाहीत. गरीब संघाचा मात्र अपघात हाच जुना सोबती होता, आणि तो सोबती हळूहळू दुरावत असेल तर लहान शहरांतील चाहत्यांनी दर शनिवारी तिकीट काढून कोणत्या आशेने जायचे? जर्मनीत बायर्न म्युनिक या एकाच क्लबाने २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग अकरा वर्षे विजेतेपद सोडले नाही. ज्या मुलाने त्या काळात शाळेत पाऊल टाकले, त्याने शाळा संपेपर्यंत दुसरा विजेता पाहिला नाही.

२०२४ मध्ये ती साखळी बायर लेव्हरकुझेनने तोडली, तीही ३४ पैकी एकही सामना न हरता. हा क्लब एका बड्या औषध कंपनीच्या मालकीचा, तेव्हा त्याला गरीब म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मात्र तोवर त्याने लीगचे विजेतेपद कधीच पाहिले नव्हते. चोवीस वर्षांपूर्वी, मे २००० मध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी म्युनिकजवळच्या उंटरहाखिंग या लहानशा गावात त्याला केवळ बरोबरी पुरेशी होती. लेव्हरकुझेन २-० असे हरले आणि विजेतेपद बायर्नकडे गेले. त्यांतला पहिला गोल यजमानांच्या कोणा खेळाडूने केला नव्हता. डावीकडून आलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी झेपावलेल्या लेव्हरकुझेनच्याच मिखाएल बालाकच्या पायाला लागून तो आपल्याच जाळ्यात गेला होता.